देवावर विश्वास आहे, मग रुग्णावर का नाही?

आपल्या सोलापुरात माणूस गंभीर आजारी पडला की घरात देव लगेच येतो, आजाराचं नाव मात्र उंबऱ्याबाहेर थांबतं. अक्कलकोटहून आणलेला अंगारा उशाखाली जातो. पंढरपूरची तुळशीमाळ गळ्यात पडते. सिद्धेश्वराला अभिषेक सांगितला जातो, कुणी दर्ग्यावर चादर चढवतं, कुणी चर्चमध्ये पाळकांना प्रार्थना करायला सांगतं. हे सगळं ज्याच्यासाठी चाललेलं असतं, त्याला मात्र सांगितलेलं असतं की साधी गाठ आहे, आतड्याला सूज आहे, रक्त कमी झालंय. डॉक्टरांच्या खोलीत मुलगा किंवा जावई आधी त्याला बाहेर बसवतो, दार लोटतो आणि म्हणतो, "त्यांना काही सांगू नका, खचतील."

मी श्रद्धावान घरातला आहे आणि स्वतःही श्रद्धा बाळगतो. म्हणूनच हे लपवणं मला जास्त खुपतं. एरवी याच्याकडे वैद्यकीय किंवा कायदेशीर प्रश्न म्हणून पाहिलं जातं, आणि तो तसा आहेही. पण मला आज भक्ताच्या बाजूनं बोलायचं आहे. माणसापासून त्याचा आजार लपवला की त्याचं आणि त्याच्या देवाचं जे नातं आहे, त्यात आपण मध्येच जाऊन उभे राहतो. आपल्याला काय झालंय हेच ज्याला ठाऊक नाही, त्यानं देवासमोर बसून नेमकं काय बोलायचं? धीर मागायचा तर कशासाठी? आपण त्याच्यातर्फे नवस बोलतो, त्याच्यातर्फे रडतो, त्याच्यातर्फे देवाशी भांडतोसुद्धा. ज्याचा जीव पणाला लागलाय, त्याला यातलं काहीच करायला मिळत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात, पद्मशाली समाजाच्या घरांत, मार्कंडेयाची कथा लहानपणीच कानावर पडते. मृकंडू ऋषी आणि मरुद्वती यांना मूल नव्हतं. शंकरानं विचारलं, दीर्घायुषी पण मूढ मुलगा हवा, की गुणी पण सोळाच वर्षं जगणारा? त्यांनी गुणी मुलगा मागितला. सोळावं वर्ष जवळ येऊ लागलं तसे आईबाप झुरायला लागले. मुलानं विचारलं, तुम्ही असे खिन्न का? आणि त्यांनी त्याला खरं ते सांगितलं. त्यानंतर मार्कंडेय शिवाच्या आराधनेला बसला, आणि यम पाश घेऊन आला तेव्हा पिंडीला मिठी मारून बसला. ही कथा आपण यमाच्या पाशासाठी आणि शंकराच्या कोपासाठी लक्षात ठेवतो. मला त्याआधीचा प्रसंग मोठा वाटतो. 'पोर घाबरेल' म्हणून मृकंडूंनी तोंड मिटून घेतलं असतं, तर यम आला त्या घटकेला तो मुलगा पिंडीपाशी तरी असता का? मार्कंडेयाच्या भक्तीची सुरुवात आईबापांनी सत्य सांगितलं तिथं होते.

नारळी पौर्णिमेला याच मार्कंडेयाचा रथ शहरातून निघतो. याच नावानं सोलापुरात सहकारी रुग्णालयही उभं आहे. ज्या शहरानं आपल्या दवाखान्याला या मुलाचं नाव दिलं, त्या शहरात आजाऱ्याला त्याचा आजार कळू न देणं ही घराघरातली रीत व्हावी, याचं मला फार वाईट वाटतं.

कुणी म्हणेल, मार्कंडेय वाचला, आमचा माणूस वाचणार आहे का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. त्याचं उत्तर मी आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात शोधतो. परंपरा सांगते की १३३८ साली तिथं गावकुसाचं बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. विठ्ठलानं ती भिंत तोलून धरली नाही. त्यांच्या अस्थी नामदेवांनी पंढरपुरात आणल्या, आणि महाद्वारात, नामदेव पायरीसमोर, त्यांची समाधी झाली. चोखोबांची भक्ती कमी पडली म्हणून भिंत पडली, असं एकाही वारकऱ्याच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. वारकरी माणूस त्या समाधीपुढं डोकं टेकवूनच आत जातो. वाचणं हा भक्तीचा पुरावा नाही आणि मरणं हा भक्तीचा पराभव नाही, हे ज्या परंपरेला इतकं साफ ठाऊक आहे, तिच्या लेकरांनी 'कॅन्सर' हा शब्द घरात उच्चारायला इतकं का घाबरावं?

अक्कलकोट स्वामींचं वचन सोलापुरात रिक्षांच्या पाठीवर लिहिलेलं दिसतं: भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे. हे वचन सोबतीचं आहे. आजार होणारच नाही किंवा झालेला नक्की जाईल, असं त्यात कुठंही नाही. आणि सोबतीचा दिलासा त्यालाच पोचतो, ज्याला आपण कोणत्या वाटेवर आहोत हे माहीत आहे.

लपवण्याच्या बाजूनं नेहमी सांगितलं जातं की आपली संस्कृती वेगळी आहे, तिकडं पाश्चात्त्य देशांत तोंडावर सांगतात, आपल्याकडं ते चालत नाही. हा समज चुकीचा आहे. १९६१ साली अमेरिकेत डॉक्टरांची एक पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात सुमारे ९० टक्के डॉक्टरांनी कॅन्सरच्या रुग्णाला सहसा निदान सांगत नसल्याचं कळवलं होतं. १९७९ साली तशाच प्रश्नावलीला उत्तर देताना ९७ टक्के डॉक्टर म्हणाले की आम्ही सांगणं पसंत करतो. अठरा वर्षांत तिथली संस्कृती बदलली नव्हती, देवही बदलला नव्हता. औषधं सुधारली, रुग्णांना आपल्या उपचाराबद्दल ठरवायचं होतं, आणि लपवण्यानं होणारं नुकसान डॉक्टरांच्या ध्यानात आलं. आपणही तेवढंच करायचं आहे.

'खचेल' या भीतीबद्दल मात्र मी हलकेपणानं बोलणार नाही. ती प्रेमातून येते. निदान कळल्यावर माणूस हादरतो, झोप उडते, जेवण जात नाही, काही दिवस घरात कुणाशी धड बोलत नाही. हे होतं. पण न सांगितल्यानं हे टळतं, हा आपला गैरसमज आहे. आपल्या भागात तर तो फारच दुबळा ठरतो, कारण नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयामुळं बार्शी म्हणजे काय हे सोलापूर, धाराशिव, लातूरकडच्या लहान पोरालाही कळतं.

आमच्या ओळखीतले एक अण्णा होते. उभं आयुष्य पॉवरलूमवर गेलं, घरात तेलुगू बोलायचे, आमच्याशी मराठी. तोंडात जखम झाली, बरी होईना. तपासणी झाली. मुलांनी ठरवलं की सांगायचं नाही, 'दाढेमुळं गाठ झालीय' म्हणायचं. बार्शीला नेलं, किरणांचा शेक सुरू झाला. मी भेटायला गेलो तेव्हा मुलं खाली चहाला गेली होती. अण्णा मला म्हणाले, "दाढेसाठी कोण बार्शीला नेतेत का बाळ?" मी गप्प बसलो, तर तेच पुढं म्हणाले, "मला म्हाईत आहे. पण त्यांना वाटतंय मला म्हाईत नाही, तर राहू दे म्हटलं. पोरं रडतील."

म्हणजे मुलं बापाला जपत होती आणि बाप मुलांना. एकाच खोलीत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. अण्णांना त्या दिवसांत सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे एकटेपण. सकाळी फोटोला हात जोडायचे, पण ओठांतून शब्द फुटायचा नाही, कारण शेजारी अक्का उभी असायची आणि तिच्यासमोर आजाराचं नाव घ्यायचं नव्हतं. देवासमोरसुद्धा त्यांना नाटक करावं लागत होतं.

शेवटी एका डॉक्टरांनी मुलांना समजावलं आणि सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं. अण्णा त्या रात्री रडले, अक्काही रडली. पण दुसऱ्या दिवसापासून घर बोलायला लागलं. भिवंडीला दिलेली मुलगी येऊन राहिली. भावाशी जागेवरून जुना अबोला होता, तो अण्णांनी स्वतः फोन करून मिटवला. पतसंस्थेचं कर्ज कुणाच्या नावावर किती, ते लिहून ठेवलं. नारळी पौर्णिमेला रथ येतो त्या रस्त्यावर खुर्ची टाकून बसले आणि मार्कंडेयापुढं मोठ्यानं, तेलुगूत, काय बोलायचं ते बोलले. अण्णा पुढं वाचले नाहीत. आजार बराच पसरला होता. पण त्या शेवटच्या महिन्यांत मी त्यांच्यात जो धीर पाहिला, तो आधीच्या महिन्यांत नव्हता. तो बाहेरून कुणी दिला नाही. त्यांच्याकडं तो होताच, त्याला वाव मिळाला तो खरं कळल्यावर.

एका माणसावरून नियम काढू नये, हे मला मान्य आहे. म्हणून श्रद्धा आणि आजार यांवर झालेल्या संशोधनातले दोन अभ्यास इथं मांडतो. पहिला २००६ सालचा, अमेरिकेतला. हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांचे तीन गट केले. दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही. त्यांपैकी एका गटासाठी अनोळखी लोकांनी खरोखर प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला प्रार्थना होणार असं नक्की सांगितलं आणि ती केलीही. पहिल्या दोन्ही गटांत गुंतागुंत जवळपास सारखीच निघाली, ५२ आणि ५१ टक्के. ज्यांना नक्की ठाऊक होतं त्यांच्यात ती ५९ टक्के होती. श्रद्धावान माणसानं या निकालानं दुखावून जायचं कारण नाही. देवाला प्रयोगशाळेत बसवून त्याच्याकडून निकाल मागणं ही श्रद्धा नव्हतीच. पण परस्पर केलेल्या अभिषेकानं आजाराचा आकडा बदलेल, या भरवशावर रुग्णाला अंधारात ठेवणाऱ्यांनी हा निकाल जरूर लक्षात घ्यावा.

दुसरा अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी २००१ साली तो प्रसिद्ध केला. रुग्णालयात दाखल झालेल्या, पंचावन्न वर्षांपुढच्या ५९६ रुग्णांचा त्यांनी दोन वर्षं मागोवा घेतला. 'देवानं मला टाकलं', 'देवाचं माझ्यावर प्रेम उरलं नाही' अशा विचारांशी जे झगडत होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. आजाराची तीव्रता आणि वय हिशेबात धरूनही ते जास्तच राहिलं. तिथले रुग्ण बहुतेक ख्रिस्ती होते, आपल्याकडं आकडे वेगळे येतील. पण हा झगडा काही एका धर्माचा नाही. 'इतकी वर्षं वारी केली, मग मलाच का?' हे वाक्य मी पंढरीच्या वाटेवरच्या माणसांकडून ऐकलंय.

आता विचार करा. ज्याला सांगितलेलंच नाही, पण ज्यानं ओळखलंय, तो हा प्रश्न कुणाला विचारणार? बुवांना विचारावा तर आजार कबूल करावा लागतो. बायकोला विचारावा तर ती म्हणते, "असं का बोलता, काही झालेलं नाही तुम्हाला." मग तो प्रश्न आतल्या आत कुजतो. देवाशी भांडण्याची आपली परंपरा किती मोकळी आहे! संतांनी विठ्ठलाला निष्ठुर म्हटलं, त्याच्यावर रुसले, त्याला जाब विचारला. ते सगळं उघड होतं, मोठ्यानं होतं. आजाऱ्याचं हे उघड भांडण आपण काढून घेतो आणि त्याच्या जागी मुकी शंका ठेवतो. पार्गामेंट यांच्या आकड्यांत जे नुकसान दिसतं, ते याच शंकेचं आहे, असं माझं मत आहे.

या शंकेला खतपाणी घालणारे आपणच. भेटायला येणारा सहज बोलून जातो, मागच्या जन्मीचं काहीतरी असेल. कुणी म्हणतं, कुलदैवताचं राहून गेलं असेल. तोंडाच्या कॅन्सरचं कारण बहुतेक वेळा तंबाखू आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचं कारण एक विषाणू आहे, आणि तो इतका सर्वत्र आहे की त्यावरून कुणाही बाईच्या चारित्र्याबद्दल काही बोलणं अडाणीपणाचं आहे. टीबी जंतूनं होतो; विडीच्या तंबाखूची धूळ, कोंदट खोली आणि अपुरं जेवण त्याला वाट करून देतात. घरी बसून दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईनं पूर्वजन्मी काय केलं होतं, ते शोधायची गरज नाही. तिनं या जन्मी काय सोसलं ते डोळ्यांसमोर आहे. डॉक्टरांनी कारण नीट समजावलं तर निम्मं पापाचं ओझं तिथंच उतरतं, आणि तिची श्रद्धा दंड भरणाऱ्याची न राहता आधार मागणाऱ्याची होते. पण कारण समजावायचं तर आधी आजाराचं नाव घ्यावं लागतं.

लपवण्यातून आणखी एक अनर्थ होतो. निर्णय रुग्णाच्या हातातून गेले की ते घाबरलेल्या नातेवाइकांच्या हातात जातात, आणि घाबरलेल्या माणसाला गाठणं सोपं असतं. गंडेदोरे, पुड्या, कुणा बाबाचं 'हमखास' औषध हे सगळं घराच्या मागच्या दारानं येतं. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो कायदा श्रद्धेच्या विरोधात नाही. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं त्यानं गुन्हा ठरवलं. पण कायदा पोचायच्या आधीच पुडी पोटात गेलेली असते. ज्याला आपला आजार माहीत आहे तो निदान विचारू तरी शकतो, ही पुडी कशाची?

कायद्याची दुसरी बाजूही पाहू. २००८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर दिल्लीचं एक प्रकरण आलं. भुलीखाली असलेल्या एका प्रौढ महिलेचं गर्भाशय काढण्यासाठी डॉक्टरांनी तिच्या आईची संमती घेतली होती. न्यायालयानं सांगितलं की जिवावर बेतलेली तातडी नसताना शुद्धीवर येऊ शकणाऱ्या प्रौढ रुग्णाच्या वतीनं नातेवाइकाची संमती चालणार नाही, आणि संमती घ्यायची तर आजार काय, उपचार काय, धोका काय हे रुग्णाला सांगूनच. म्हणजे 'गाठ आहे' एवढंच सांगून केमोच्या कागदावर अंगठा घेणं या निकालाच्या आशयाला धरून नाही. तरी ते चालतं, कारण डॉक्टरांच्या आचारसंहितेत एक फट आहे. २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी आजाराचं गांभीर्य वाढवून किंवा कमी करून सांगू नये; मात्र आजाराची कल्पना रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना 'किंवा' जबाबदार मित्रांना असली की पुरे. नातेवाइकाला सांगितलं की डॉक्टर सुटला. हा नियम बदलायला हवा. तो बदलेपर्यंत प्रत्येक रुग्णालय स्वतःपुरता तरी पक्का करू शकतं की प्रौढ, शुद्धीवर असलेल्या रुग्णाला आधी विचारलं जाईल.

सोलापूरची स्वतःची एक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईच्या चर्चेत येत नाही. आपलं शहर मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चार भाषांत जगतं. अक्कलकोट रोडच्या पलीकडून किंवा कुंभारीच्या विडी घरकुलातून आलेल्या म्हाताऱ्या बाईला तेलुगूच नीट कळतं. अक्कलकोट किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या शेतकऱ्याचं मन कन्नडमध्ये चालतं. डॉक्टर मराठीत किंवा हिंदीत बोलतात. मध्ये कोण असतं? मुलगा. आणि लपवायचं ठरवलेलं असतं तेही मुलानंच. डॉक्टर चार वाक्यं बोलतात, आईपर्यंत एक पोचतं: "होईल म्हणतेत बरं." त्या बाईनं विचारलेला प्रश्नही मुलगा डॉक्टरांपर्यंत पोचवत नाही. दोन्ही बाजूंचं सत्य त्याच्या घशात अडकून राहतं, आणि तो बिचारा ते ओझं एकटा वाहतो. सिव्हिलमध्ये, कॅन्सरच्या केंद्रांत, मोठ्या सहकारी रुग्णालयांत घरच्यांखेरीज दुसरं कुणीतरी तेलुगू-कन्नड बोलणारं असणं ही चैन नव्हे. सोलापुरात अशी माणसं शोधायलाही लागत नाहीत. परिचारिका, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ यांच्यात ती आहेतच. त्यांना थोडं प्रशिक्षण आणि त्या कामाचा मान द्यायचा आहे.

आणि सांगितल्यानं भक्तीचा व्यवहार किती बदलतो, ते पाहा. लिंगायत घरातला माणूस इष्टलिंग तळहातावर घेऊन स्वतः पूजा करतो. ती पूजा त्याच्या वतीनं दुसरा करू शकत नाही. मुसलमान घरात मरणाची चाहूल लागलेल्याला देणी फेडायची असतात आणि माणसांकडून 'कहा-सुना माफ' करून घ्यायचं असतं. तेही त्यालाच करावं लागतं. वारकऱ्याला एक आषाढी हवी असते. त्याला सांगितलेलं नसतं म्हणून तो म्हणतो, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बरं वाटल्यावर जाऊ. घरचे मान डोलावतात. पुढचं वर्ष येणार नाही हे त्यांना ठाऊक असतं, आणि त्याची शेवटची आषाढी त्याच्या नकळत निघून जाते. मला विचाराल तर लपवण्यातली सर्वांत क्रूर गोष्ट हीच.

ज्याला माहीत आहे तो मात्र डॉक्टरांशी बोलून आखणी करू शकतो. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो, सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात. सोलापूरकराला त्या दिवशी घरात बसवत नाही. बऱ्याच केमोची फेरी तीन आठवड्यांची असते, आणि औषध दिल्यानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत गर्दीत जाणं धोक्याचं. पुढच्या फेरीच्या तोंडावर पेशी सावरलेल्या असतात. तेव्हा रुग्ण विचारू शकतो, "डॉक्टर, यात्रा अमुक तारखेला आहे, मला लांबून का होईना काठ्या बघायच्यात, फेरी चार दिवस मागेपुढे होईल का?" कधी 'हो' येईल, कधी 'नाही'. पण हा प्रश्न ज्याच्या तोंडून येतो तो उपचार घेणारा आणि भक्ती करणारा एकच माणूस असतो. त्याला न सांगणारे त्याचे दोन तुकडे करतात.

वेदनेबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. दुखणं सोसणं म्हणजे श्रद्धा असा एक समज आपल्याकडं आहे, 'देव परीक्षा बघतोय' असं म्हणतात. कॅन्सरच्या असह्य वेदनेवर मॉर्फिन आहे. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापरासाठी ते मिळवणं सोपं करण्यात आलं. वेदनेनं पिळवटलेल्या माणसाला नामस्मरण सुचत नाही, घरच्यांशी बोलणं सुचत नाही, काहीच सुचत नाही. आधी दुखणं थांबवा. ज्या डॉक्टरनं रात्री माणसाला झोप दिली, त्यानं सकाळची प्रार्थनाही दिली, असं मी मानतो. पण मॉर्फिन सुरू करताना 'हे काय आहे आणि का' हेही सांगावंच लागतं. म्हणजे पुन्हा तिथंच आलो.

धर्माचं काम करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या गावात अडुसष्ट लिंगं स्थापली, तसा तलावही खोदवला. देवाचं काम आणि लोकांच्या गरजेचं काम त्यांनी वेगळं मानलं नाही. त्यांच्या गावातल्या जंगमांनी, कीर्तनकारांनी, मौलानांनी, पाळकांनी वॉर्डात यावं, खाटेपाशी बसावं, थोडं ऐकून घ्यावं. पूर्वजन्म काढू नये. चमत्काराची हमी देऊ नये. बाई विचारेल, "देवानं मला का टाकलं?" तर तिला गप्प करू नये. उत्तर नसेल तर नसू दे, तिच्याजवळ बसून राहावं.

आता राहिला तो रुग्ण, ज्याला खरोखर जाणून घ्यायचं नाही. असे असतात, आणि त्यांचाही हक्क आहे. माझा आग्रह सगळ्यांच्या कानात सगळं ओतण्याचा नाही. आग्रह एवढाच की ते त्यानं ठरवावं, मुलानं नव्हे. त्यासाठी एक साधा प्रश्न पुरतो: "तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला स्वतःला सगळं ऐकायचंय, की घरातल्या कुणाशी मी बोलू?" काहीजण म्हणतील, मुलाला सांगा, मी देवावर सोडलंय. ते सोडणं मग खरोखर त्यांचं असेल. काहीजण म्हणतील, मला सांगा, पण हळूहळू. काहीजण आज नको म्हणून आठवड्यानं स्वतःच विचारतील, म्हणून प्रश्न एकदाच विचारून भागत नाही. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकाचं पद असतं. तिथं या प्रश्नाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवावी, खासगी आणि सहकारी रुग्णालयांनी त्यासाठी एक माणूस नेमावा. रुग्णानं काय सांगितलं याची नोंद केसपेपरवर व्हावी, त्याच्या भाषेत त्याला वाचून दाखवली जावी, आणि हे सगळं पहिल्या केमोच्या आधी व्हावं.